उशिरा पोचणारा गुलाब

कसबा बावडा, कोल्हापूर
रविवार, दुपार

प्रिय शाहिस्ता,

तुझा फोन आला तेव्हा मी दळण टाकायला निघाले होते. गव्हाचा डबा हातात आणि नंबर अनोळखी. मला वाटलं कुठल्या तरी दुकानाचं काम असेल, कारण हल्ली मला फोन येतात ते तेवढ्यासाठीच. साड्यांचा सेल लागला, नवं शोरूम उघडलं, की रिक्षावर भोंगा बांधून गावभर फिरवायला एक आवाज लागतो, आणि कोल्हापुरात तो आवाज बऱ्याचदा माझा असतो. तू म्हणालीस, "आपा, मी हाय." पंचवीस-सव्वीस वर्षांनी ऐकलेला आवाज, तरी ओळखायला मला वेळ लागला नाही, आणि का ओळखला म्हणून माझाच मला राग आला. आता निवांत बोलणार म्हणून मी डबा खाली ठेवला. तो उगीच ठेवला. तू एका दमात सगळं सांगून मोकळी झालीस. तुझी आफशीन मला भेटायला येणार आहे, तुझ्या लग्नाचं शूटिंग केलेल्या पिराजीने तिला माझा पत्ता दिलाय, तर मी मंगळवार पेठेतली तुमची जुनी शेजारीण आहे एवढंच तिला सांगायचं, बाकी तोंड उघडायचं नाही, कारण तिचं लग्न जमत आलंय आणि आजऱ्यात कुणाला काही ठाऊक नाही. शिवाय या नंबरवर परत फोन करायचा नाही. मी कशी आहे, कुठे राहते, गुडघे दुखतात का, काही नाही. मी बरं म्हटलं आणि तू फोन ठेवलास. पत्र लिहायचं नाही असं काही तू बोलली नव्हतीस, म्हणून लिहिते आहे. आपण दोघी मराठी शाळेत शिकलो, त्यामुळे भांडायचं झालं तरी मला मराठीच सुचतं. दार लावून घे आणि शेवटपर्यंत वाच.

तुला वाटत असेल की तुझ्या मुलीचा हा उद्योग मला तुझ्या फोनवरून कळला. तसं नाही. मला तो आधीच कळला होता, आणि कुठे, तर ब्यूटी पार्लरमध्ये. आमच्या इमारतीत खाली संयोगिताचं पार्लर आहे, तिथे मी केसांना मेंदी लावून घेते. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून बसले होते. शेजारी दोन कॉलेजच्या मुली एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या, आणि मधेच किंचाळत होत्या. संयोगिता म्हणाली, "गुलाबवाली बघत असतील. सगळ्या पोरींना तेच वेड लागलंय." तिने मला समजावून सांगितलं. हा म्हणे आता भीतीचा एक वेगळाच प्रकार निघालाय, जगभर चाललाय. जुना टीव्ही, जुन्या कॅसेटी, चित्रात पट्टे, कानात खरखर, कोपऱ्यात तारीख. कुणी जुन्या बातम्यांचं करतं, कुणी बंद पडलेल्या चॅनेलवरच्या सूचनांचं, कुणी कुणाच्या वाढदिवसाच्या कॅसेटचं. भूत दाखवायचं नाही. नुसतं काहीतरी चुकलंय एवढं दाखवायचं आणि बघणाऱ्याला घाबरू द्यायचं. आपल्याकडे पट्टे आले की अब्बा टीव्हीच्या डोक्यात थापटी मारायचे, मग तू गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचीस आणि मी खालून ओरडायचे, आलं, आलं, गेलं. आता स्वच्छ चित्रात मुद्दाम पट्टे पाडायला अ‍ॅप मिळतं. मुलींनी मलाही बघायला बोलावलं, आजीला घाबरवायची मजा म्हणून. मी वाकून पाहिलं.

एका मुसलमानाच्या घरचं लग्न. बायका जेवायला बसल्यात, कुणी नवरीला हळद लावतंय, कुणी रडतंय. आणि त्यात एक हिरव्या साडीतली बाई, जिला चेहराच नाही. चेहऱ्याच्या जागी एक लाल गुलाब. ती वाढते, चालते, पदर सावरते, आणि गुलाब तिच्याबरोबर सगळीकडे जातो. मुली सांगत होत्या, नीट बघा, गुलाब थोडा उशिरा पोचतो. बाईने मान वळवली की गुलाब तिथेच राहतो आणि मग दचकल्यासारखा तिच्यामागे धावतो. तेच भयंकर आहे म्हणे, आणि गुलाब कुणी आता लावलेला नाही, त्या जुन्या कॅसेटमध्येच होता म्हणे. मी साडी पाहिली. हिरवी, पोपटी काठ. मग हात पाहिला. उजव्या मनगटावर इस्त्रीचा डाग, तू सहावीत असताना तुझा युनिफॉर्म करताना पडलेला. शाहिस्ता, डोक्यावर पिशवी बांधलेल्या अवस्थेत मी मलाच पाहत होते. संयोगिताला वाटलं मी घाबरले. तिने मला पाणी दिलं.

ही कॅसेट तुझ्याशिवाय कुणाकडेच नव्हती. तुझी मुलगी कोल्हापुरात शिकायला आलीय हे मला मंगळवार पेठेतून कळलेलं होतं, तेव्हा दोन आणि दोन चार करायला फार अक्कल लागली नाही. तुमच्या माळ्यावरची कॅसेट तिला सापडली असणार आणि तिने ती शहरात आणून कॉम्प्युटरवर चढवली असणार. त्यानंतर मी जाईन तिथे मला मीच भेटायला लागले. रंकाळ्यावर पोरं तोंडापुढे गुलाब धरून फोटो काढतात. राजारामपुरीत एका दुकानात गुलाबाच्या तोंडाची बाई छापलेले टी-शर्ट टांगलेत. त्या दुकानाच्या दिवाळी सेलची जाहिरात मीच बोलले होते. दुकानदार म्हणाला, "आपा, ह्यो माल लई चालतोय बगा." मी म्हटलं, चालणारच.

आता तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिते, कारण हे पत्र उद्या दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यालाही समजायला हवं. मी ऑर्केस्ट्रात गात होते. गणपतीत, उरुसात, साखर कारखान्याच्या कार्यक्रमात. गाणं हा एवढाच माझा गुन्हा. अब्बांच्या, म्हणजे लालासाब नदाफांच्या गादी कारखान्यात पिंजलेल्या कापसावर सगळी पेठ झोपत होती, आणि त्यांची थोरली पोरगी चमकी लावलेला ड्रेस घालून स्टेजवर उभी राहते हे त्यांना सहन झालं नाही. मी बावड्यात एका गायिकेबरोबर खोली घेतली. त्यांनी माझे फोटो फाडले, अगदी शाळेतल्या ग्रुप फोटोतूनही मला कापून काढलं. मग आजऱ्याहून तुझं स्थळ आलं. काजूचा कारखाना, पाच वेळचे नमाजी लोक. त्यांनी विचारलं, मुली किती. अब्बा म्हणाले, एकच, थोरली अल्लाला प्यारी झाली. तू तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. हे मला अम्मीने सांगितलं. तू काही बोलली नाहीस याचा मला तेव्हा राग आला नव्हता. वीस वर्षांची मुलगी ट्रे घेऊन उभी असताना काय बोलणार, असं मीच अम्मीला समजावलं होतं.

लग्नाला मी यावं हा अम्मीचा हट्ट. अब्बा शेवटी म्हणाले, येऊ दे, पण शेजारीण म्हणून येऊ दे. म्हणून मी शेजारीण म्हणून आले. माझ्या बहिणीच्या लग्नात मी तुझ्या सासूला बिर्याणी वाढली आणि ती म्हणाली, "तुम्ही शेजारी असून किती राबताय, पोरीला सख्खी भन असती तरी एवढी राबली नसती." मी हसले. त्या दिवसातलं एकच मी माझ्यापाशी ठेवलं होतं. रुखसतीच्या, पाठवणीच्या वेळी तू गाडीत बसलीस, बँडवाले जोरात वाजवायला लागले आणि मला आवरेना. शेजारणीने रडायचं तेवढं रडून झालं होतं आणि तरी मी रडत होते. बायका बघायला लागल्या. तेव्हा अम्मी पुढे आली, तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कानाशी म्हणाली, "नजू, रडू नगंस. व्हिडिओवाला घेतोय बग. हस जरा. तेवढंच ऱ्हाईल." मी हसले. फोकसचा उजेड डोळ्यांत जात होता, नाकातून पाणी येत होतं, पण मी हसले. नंतर माझा कुठेच एकही फोटो नव्हता अम्मीबरोबरचा, तरी मला तेवढं वाईट वाटायचं नाही. मला वाटायचं, आजऱ्यात एका कपाटात मी आहे. अम्मीच्या हातात आहे आणि हसते आहे. अम्मी गेली तेव्हा मी पेठेतल्या घराच्या दारात शेजारच्या बायकांच्या घोळक्यात उभी होते, तू मला पाहिलंस आणि पुढे गेलीस. तेव्हासुद्धा मी त्या कपाटाचाच विचार करत घरी आले.

आणि आता मोबाइलवर दिसतं ते असं आहे: अम्मीचे दोन हात, मधे गुलाब. अम्मी त्या गुलाबाशी काहीतरी पुटपुटते आहे. तुझ्या पोरीने तिथे आवाज खेचून लांब केलाय, बँडची सनई विहिरीतून आल्यासारखी येते, आणि अम्मीचं बोलणं म्हणजे नुसती घरघर. तोच तुकडा सगळ्यांत जास्त गाजलाय. खाली लोकांनी काय काय लिहिलंय. म्हातारी भूत उतरवते आहे. म्हातारीच चेटकीण आहे. माझ्या अम्मीला, जिने जन्मात कुणाला अरे म्हटलं नाही, तिला पाहून लाखो लोकांच्या अंगावर काटा येतोय.

मी पिराजीला शोधून काढलं. स्टुडिओ कधीच बंद झालाय, आता त्याचा मुलगा तिथे मोबाइलची कव्हरं विकतो आणि पिराजी मागे खुर्ची टाकून बसलेला असतो. ऑर्केस्ट्राचे कार्यक्रमही तो शूट करायचा, त्यामुळे त्याने मला लगेच ओळखलं. मी गेले होते ती एवढ्यासाठी की गुलाब लावायच्या आधीची कॅसेट कुठे असेल तर मिळावी. तो म्हणाला, "न्हाय हो ताई. कॅसेटी काय एकदाच वापरत हुतो व्हय आमी? तुमचं मिक्सिंग झालं आन् त्येच कॅसेटीवर दुसऱ्या आठवड्यात कागलचं लगीन भरलं." म्हणजे माझ्या चेहऱ्यावर कागलचं कुणाचं तरी लग्न लागलंय. मग गुलाबाचं विचारलं. त्याला त्यात काही गैर वाटत नव्हतं, उलट आठवून त्याची कळी खुलली. चित्रांवर चित्रं चढवायच्या मिक्सरला एक दांडी असायची म्हणे, गाडीच्या गिअरसारखी. कॅसेट चालू ठेवायची आणि त्या दांडीने हाताने गुलाब हलवत न्यायचा. "तुमी मान वळवली की म्या दांडी वळवायची. पर तुमी कवा वळनार त्ये मला काय ठावं? जरा मागं पडतोयच की." तेव्हाच्या कॅसेटी आठव ना. नवरा-नवरी बदामात, बदाम फुटून कबुतरं, सासू-सासरे फिरत्या कमळात, नवरदेव बोटाएवढा होऊन नवरीच्या तळहातावर. एवढ्या पसाऱ्यात एका बाईच्या तोंडावर एक गुलाब कुणाला खटकणार होता? आजऱ्यात पाहुणे आले की कॅसेट लागत असणार आणि सगळे म्हणत असणार, मिक्सिंग काय झकास केलंय. मी पिराजीला विचारलं, हे सांगायला अब्बा स्वतः आले होते का. त्याने चष्मा पुसला आणि काय झालं ते सांगितलं. मी चहा अर्धा टाकून उठले आणि बसने न जाता चालत बावड्याला आले.

अब्बांचं एक तुला माहीत नसेल. दरवर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी अम्मी माझ्याकडे एक उशी आणून द्यायची. नवा कापूस, नवा अभ्रा. जुनी घेऊन जायची. कुठून आणली म्हटलं तर म्हणायची दुकानातली. पण कडेची शिवण अब्बांची होती, तिरपी, दोन पदरी, मी लहानपणी शेजारी बसून ती पाहिलेली आहे. माझं नाव तोंडातून काढायचं नाही, आणि डोकं मात्र कडक उशीवर पडू द्यायचं नाही, असा त्यांचा हिशोब होता. शेवटची उशी अजून माझ्या खाटेवर आहे. कापसाच्या गाठी झाल्यात, पण ती पिंजायला दुसऱ्याकडे द्यायचं मन होत नाही.

परवा आफशीन आली. तुझं नाक आहे तिला, आणि अम्मीसारखी चप्पल दारात सरळ जोडून ठेवायची सवय. आपल्यातल्या सगळ्या मोठ्या बायकांना मावशी म्हणावं तशी मलाही ती खाला म्हणाली. मी तुला दिलेला शब्द पाळला. मी म्हटलं, मी तुझ्या अम्मीची पेठेतली शेजारीण. तिला ते पुरलं, कारण तिला माझ्याविषयी काही विचारायचंच नव्हतं. तिला गुलाबवालीविषयी विचारायचं होतं. चहा होईपर्यंत तिने सगळी गोष्ट सांगितली. तिच्या अम्मीला एक थोरली बहीण होती, ती तरुणपणीच वारली. घरात तिचा फोटो नाही, ती कशाने गेली विचारलं की अम्मी उठून स्वयंपाकघरात जाते. आणि लग्नाच्या कॅसेटमध्ये ही बिनचेहऱ्याची बाई, जिचं तोंड हातांत धरून नानी काहीतरी पुटपुटते. तेव्हा ही बाई म्हणजे ती मेलेली खालाच, बहिणीच्या लग्नाला आलेली. असं तिने जुळवलं, आणि त्यावर सगळी मालिका उभी केली. बघ कशी गंमत आहे. तुझ्या मुलीने बाई बरोबर ओळखली. मेलेलीचं तेवढं तिला घरून मिळालं होतं. पुढे ती म्हणाली, "अम्मी दरसाल शबे-बरातला तिच्या आपाच्या नावानं फातिहा देती. हलवा करती. दादी तर हलव्यात बदाम टाकायला लावती, म्हणती पोरगी अर्ध्या वाटंत गेली." शाहिस्ता, मेलेल्यांसाठीचा फातिहा माझ्या नावाने होतो हे ऐकून मी गॅस बंद केला. माझ्या नावाचा हलवा तू रव्याचा करतेस की चण्याच्या डाळीचा? मला चण्याच्या डाळीचा आवडतो, हे तरी लक्षात आहे का? दरवर्षी शेजाऱ्यांना वाटत असशील. मी इथे बावड्यात त्या रात्री पाव-दूध खाऊन झोपलेली असते.

तरी मी चहा गाळून तिच्यापुढे ठेवला. मग तिने लॅपटॉप उघडला. तुझी पोरगी हुशार आहे, हे मी शेजारीण म्हणूनसुद्धा सांगते. गुलाब उशिरा पोचतो ना, तर तेवढ्या उशिरात दर वेळी चेहऱ्याचा एखादा काप उघडा पडतो. तिने ती सगळी कॅसेट एकेक चित्र थांबवत पाहिली. जेवणाच्या पंगतीत अर्धी भुवई, दारातून आत येताना हनुवटी, हळदीच्या वेळी एक डोळा, कुठे कान, कुठे कपाळ. असे काप गोळा करून, एकमेकांना जोडून तिने एक चेहरा उभा केलाय. गोधडीसारखा, प्रत्येक तुकड्याचा उजेड वेगळा. माझाच. तेविशीतला. मी माझा तेव्हाचा चेहरा विसरले होते, ग. कानातले झुमके अम्मीचे होते हेही विसरले होते. फक्त मधली जागा काळी होती. तोंड तिला कुठेच सापडलं नाही, कारण पिराजीचा हात कितीही मागे पडला तरी मधली जागा कधी उघडी पडली नाही. येत्या शुक्रवारी तिचा शेवटचा भाग आहे, त्यात गुलाब बाजूला होणार आणि चेहरा दिसणार. तोंडाच्या जागी काय दाखवायचं ते तिने तयार करून आणलं होतं. मोठं उघडलेलं, काळं, दात नसलेलं, किंकाळी फोडणारं. अम्मीच्या दोन हातांमध्ये ते तोंड. तिने मला विचारलं, "खाला, तुमी तितं हुता न्हवं? भारी वाटतंय का? ती बाई लईच रडत हुती काय तवा?"

मी म्हटलं, ती हसत होती. एवढंच म्हटलं. तुझा शब्द मोडायचा म्हणून नाही. मेलेली म्हणाल तर मी मेलेली राहते, शेजारीण म्हणाल तर शेजारीण, मला सगळ्याची सवय झालीय. पण अम्मीने हस म्हटल्यावर मी हसले होते, आणि ती किंकाळी मला अम्मीच्या हातात ठेवता येईना. आफशीन म्हणाली, तुम्हाला कसं ठाऊक, कॅसेटमध्ये तर दिसतच नाही. मी साडीवरून स्वेटर घातला होता, त्याची बाही मागे सारली. इस्त्रीचा डाग तिने माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलेला, मोठा करून, थांबवून. तिने डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती लहान पोरीसारखी घाबरली. लाखो लोकांना घाबरवणारी मुलगी माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने विचारलं, "मग आमच्यात मेलं कोण?" मी तिला जवळ बसवलं, चहा पुन्हा गरम केला, आणि अम्मी काय म्हणाली होती ते सांगितलं. ती खूप रडली. मग रुमालाने नाक पुसून तिने कॅमेरा काढला आणि म्हणाली, हसा. मी हसले. खालचा एक दात पडलाय, तसंच हसले. ते पन्नाशीचं तोंड ती त्या तेविशीच्या चेहऱ्यात बसवणार आहे. बेढब दिसेल. बघणारे पुन्हा घाबरतील, त्याला इलाज नाही. पण शुक्रवारपासून मी मेलेली नाही, शाहिस्ता, आणि शेजारीणही नाही. तुझ्या होणाऱ्या व्याह्यांना काय सांगायचं ते तू आणि तुझा नवरा खिजर बसून ठरवा. मला विचारू नका, या नंबरवर फोनही करू नका.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. जाताना दारात चप्पल घालता घालता आफशीनने विचारलं, गुलाब लावायला सांगितलं कुणी? पिराजी तिला घरच्यांनी एवढंच बोलला होता. मला मात्र त्या दिवशी त्याने सगळं सांगितलं होतं. "तुमचं वडील न्हाय आलते, ताई. नवरी आलती. लग्नानंतर पयल्यांदा म्हायेरला आली तवा, एकलीच. माज्या शेजारी खुर्ची घिऊन बसली सगळा येळ. माजा हात मागं पडला की म्हनायची, हिकडं घ्या, कान दिसतोय." इतकी वर्षं मी ते अब्बांच्या नावावर टाकलं होतं, आणि अब्बा माझ्यासाठी उशा भरत होते. ट्रे घेऊन उभी होतीस तेव्हा तू वीस वर्षांची होतीस, ते मी समजून घेतलं. पण त्या खुर्चीवर बसून तू माझा कान झाकायला सांगत होतीस, तेव्हा समोर पडद्यावर अम्मी माझं तोंड धरून उभी होती, आणि तू ते पाहत होतीस. त्या गुलाबाखाली मी हसते आहे हे ती कॅसेट बघणाऱ्यांत फक्त तुला माहीत होतं. आफशीनला मी सांगितलं, कुणी लावायला सांगितलं ते मला ठाऊक नाही. तिला एका दिवसात खाला मिळाली होती, त्याच दिवशी तिची आई तिच्यापासून काढून घेणं मला जमलं नाही. म्हणून आता गुलाब तुझ्या तोंडावर आहे आणि दांडी माझ्या हातात. माझा हात पिराजीइतका सराईत नाही, आणि तुझी मुलगी एकेक चित्र थांबवून बघते. आज ना उद्या तिला तुझा कान दिसेल. त्याच्या आधी तो गुलाब तूच बाजूला कर.

तुझीच आपा,
नजीरा लालासाब नदाफ